सायकलला विमा नसतो, मग कारने धडक दिल्यावर भरपाई मिळते का?

तुमच्या काकांना अन्नपूर्णा रोडवर कारने मागून धडक दिली, मनगट मोडलं आणि गाडीवाला 5 हजार देऊन "इथेच मिटवू" म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून मिटवू नका.

आम्ही मिटवलं होतं. राजेंद्रनगरात पहाटे दूध आणायला निघालेल्या बाबांना वळणावर एका कारने उडवलं. ते उठले, चाललेही, म्हणून आम्ही 2 हजार घेऊन कागदावर सही दिली. रात्री पाय टेकवेना. एक्स-रेत खुब्याचं हाड चिरलेलं दिसलं. गाडीचा नंबरसुद्धा टिपला नव्हता. ऑपरेशनचा सगळा खर्च घरातून गेला. ती सही मला आजही सलते.

सायकलला विमा लागतच नाही. कारचा थर्ड पार्टी विमा, म्हणजे गाडीमुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीचा विमा, सक्तीचा असतो तो काकांसारख्यांसाठीच. हाड मोडलं की कायद्याने ती गंभीर इजा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 164 खाली कोणाची चूक हे सिद्ध न करता अडीच लाख मिळतात, पण ते स्वीकारले की कलम 166 चा, गाडीवाल्याची चूक दाखवून मागायचा मोठा दावा संपतो. तेव्हा आधी वकिलाशी बोला. 166 साठी कायद्यात अपघातापासून 6 महिन्यांची मुदत आहे. दावा तुम्ही राहता तिथल्या क्लेम कोर्टातही (मोटार अपघात भरपाईचं न्यायाधिकरण) लावता येतो. काकांच्या सायकलला लाइट नव्हता म्हणून घाबरू नका. फार तर रक्कम काही टक्के कमी होईल, दावा बुडत नाही.

आज करायचं काम म्हणजे एफआयआर, आणि तीत गाडीचा नंबर. मग दवाखान्याचे कागद तपासा. तिथे "सायकलवरून पडले" एवढंच लिहिलं असेल तर डॉक्टरांना भेटून "कारने धडक दिली" ही नोंद करून घ्या. नाहीतर विमा कंपनीचा वकील तोच कागद पुढे करतो. उपचार चालू असतील तर कॅशलेस योजनेचंही विचारा: मे 2025 पासून ठरलेल्या दवाखान्यांत अपघातानंतरचे 7 दिवस दीड लाखापर्यंतचा खर्च सरकार उचलतं.

गाडी पळून गेली असती तरी गंभीर इजेला 50 हजार आणि मृत्यूला 2 लाख मिळतात. तो अर्ज एसडीएम (उपविभागीय दंडाधिकारी) किंवा तहसीलदारांकडे जातो.

आणि सायकल दुरुस्तीला टाकू नका. मागचं चाक वाकलं असेल तर धडक मागून बसली याचा तो पुरावा आहे. फोटो काढा, पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत सायकल आहे तशीच ठेवा.