‘हे सदोम झालंय’ म्हणणारे काका

“हे सदोम झालंय. आणि आपण ख्रिस्ती लोक हाताची घडी घालून बसलोय. हे पाप नाही का?”

समुपदेशनाला आलेल्या त्रेसष्ट वर्षांच्या काकांनी खुर्चीत बसता बसताच हे विचारलं. सदोम म्हणजे पवित्र शास्त्रातलं, पापामुळे देवाने नाश केलेलं नगर. अहिल्यानगर जिल्ह्यातलं गाव, शाळेत कारकुनी करून निवृत्त झालेले, मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, दोनदा पंच. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वेळ मात्र काकूंनी घेतली होती, आणि त्यांचं म्हणणं वेगळं होतं. “रात्री झोपत नाहीत. दिवसा बोलत नाहीत, बोलले तर भांडतात. घरसभेला जाणंही सोडलंय. म्हणतात, तिथे सगळे ढोंगी आहेत.”

काकांनी पिशवीतून शंभर पानी वही काढली. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेल्या रेघा. डावीकडे तारीख, मध्ये बातमी, उजवीकडे लाल पेनाने वचन. खून, लाचखोरी, रीलवर नाचणाऱ्या मुली, मुलाने आईला घराबाहेर काढलं, कुठल्या तरी पाळकाने जमीन विकली. सात महिन्यांत चौदा पानं भरली होती. बहुतेक नोंदींपुढे एकच संदर्भ होता, २ तीमथ्य ३, शेवटल्या काळातल्या कठीण दिवसांचा.

समाजाच्या अधोगतीने जीव कासावीस होणं हा आजार नाही. यहेज्केल ९ मध्ये, नगरात चाललेल्या अमंगळ गोष्टींमुळे जे उसासे टाकतात, विव्हळतात त्यांच्याच कपाळावर देव खूण करायला सांगतो. त्यामुळे “एवढं मनाला लावून घेऊ नका” असं काकांना सांगणं चुकीचं ठरलं असतं. घरचे लोक आणि कधी कधी पाळकही हेच सांगतात, आणि माणूस आणखी एकटा पडतो. पण उसासा आणि संताप या दोन निराळ्या गोष्टी आहेत. स्तोत्र ३७ मध्ये दुष्कर्म्यांवर जळफळू नको असं सांगितलं आहे आणि कारणही दिलं आहे: त्यातून शेवटी वाईटच निघतं. काकांच्या घरात ते निघू लागलं होतं.

पहिल्या भेटीत वचनांवर चर्चा झाली नाही. आधी झोप, जेवण, औषधं आणि मोबाईल यांची चौकशी झाली. रात्री जेमतेम चार तास झोप. अडीच वाजता जाग आली की हात थेट उशीखालच्या मोबाईलकडे. सहा किलो वजन उतरलेलं. नैराश्य तपासण्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. मागच्या दोन आठवड्यांत कसं वाटलं यावर २७ पैकी गुण मिळतात आणि दहा किंवा त्याहून जास्त आले की गांभीर्याने घ्यावं लागतं. काकांचे तेरा आले.

त्यातला नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल असतो. त्यावर काका म्हणाले, “प्रभूने आता बोलावून घ्यावं, एवढीच प्रार्थना आहे.” आपल्या लोकांत हे वाक्य इतकं सर्रास बोललं जातं की ऐकणारा ‘आमेन’ म्हणून पुढे जातो. तसं करू नये. ही स्वर्गाची आस असू शकते, तसा जगण्याचा कंटाळाही असू शकतो, आणि फरक विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून स्पष्ट शब्दांत विचारावं: “स्वतःचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का? कसं करायचं याचा विचार केलाय का?” असं विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. काकांच्या मनात तसा बेत नव्हता. असता, तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे नेणं आणि घरात त्यांना एकटं न सोडणं, एवढंच काम पहिलं. अडीअडचणीला १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

काकांना आठवण करून दिली ती एलीया संदेष्ट्याची. १ राजे १९ मध्ये एलीयाही “आता पुरे, माझा प्राण घे” असं म्हणतो आणि झुडपाखाली आडवा होतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. उठवतो, भाकर आणि पाणी देतो. एलीया पुन्हा झोपतो, देवदूत पुन्हा खायला देतो. इस्राएलात बआल या परक्या दैवतापुढे न वाकलेले सात हजार शिल्लक आहेत हे त्याला पुष्कळ नंतर, चाळीस दिवसांच्या वाटचालीनंतर कळतं. काकांनाही आधी डॉक्टरांकडे पाठवलं. थायरॉइड, साखर, बी-१२ आणि रक्तदाब. या वयात यांतला बिघाडही उदासी आणि चिडचिड म्हणूनच दिसतो. बी-१२ कमी निघालं, त्याचे उपचार सुरू झाले.

मोबाईलचं पथ्य ठरलं ते असं. रात्री नऊला फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लावायचा आणि गजरासाठी साधं घड्याळ आणायचं. बातम्या दिवसातून दोनदा, वीस-वीस मिनिटं, सकाळच्या उपासनेनंतर आणि संध्याकाळी सहापूर्वी. व्हिडिओ आपोआप पुढे सरकण्याची सोय बंद. सतरा ग्रुपपैकी मंडळीचा, नातेवाइकांचा आणि निवृत्त कर्मचाऱ्यांचा ठेवून बाकीचे म्यूट. ग्रुप सोडायला मुद्दामच सांगितलं नाही, कारण सोडला की चार जण फोन करून कारण विचारतात आणि माणूस परत जोडला जातो.

पहिला आठवडा बिघडलाच. फोन स्वयंपाकघरात गेला, पण टीव्ही दहापर्यंत चालू राहिला. चौथ्या दिवशी काका काकूंवर ओरडले. संताप आला की आपण काहीतरी करतोय असं शरीराला वाटतं: छाती धडधडते, अंगात जोर येतो. तो जोर काढून घेतला की खाली दडलेलं दुःख वर येतं. हे होणार असं काकूंना आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून त्या घाबरल्या नाहीत. टीव्हीलाही तीच वेळ लावली. तिसऱ्या आठवड्यात झोप सहा तासांवर आली.

मग वही पुन्हा उघडली. काम एकच दिलं: ज्या नोंदीतला माणूस तुम्ही नावाने ओळखता, तिच्यापुढे टिंब करा. चौदा पानांत तीन टिंबं पडली. पहिलं पुतण्याच्या दारूपुढे. दुसरं शाळेच्या कोपऱ्यावरच्या गुटख्याच्या टपरीपुढे. तिसरं टिंब करायला बराच वेळ लागला. नोंद होती, “पुण्यात शिकल्यासवरल्या मुली लग्नाशिवाय राहतात.” ती मुलगी काकांची स्वतःची होती. सात महिने त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. वहीची पहिली तारीखही त्याच आठवड्यातली.

‘समाज बिघडला’ या तक्रारीमागे पुष्कळदा घरातली अशी एक जखम असते. ती उघड करायला लाज वाटते, म्हणून सगळ्या जगावर बोट ठेवलं जातं. याचा अर्थ बाहेरची बातमी खोटी असा नाही. पण दुःखाचा उगम कळला नाही, तर माणूस आयुष्यभर बातम्यांशीच भांडत राहतो.

याच भेटीत ‘सदोम’ या शब्दावर काम झालं. काकांना त्यांच्याच पवित्र शास्त्रातून यहेज्केल १६:४९ मोठ्याने वाचायला सांगितलं. तिथे सदोमाचा अपराध सांगितलाय तो गर्व, अन्नाची रेलचेल, निश्चिंत सुख आणि दीनदरिद्र्यांना हात न देणं असा. पुढच्याच वचनात अमंगळ कृत्यांचा उल्लेख येतो, तो झाकायचं कारण नाही. पण यादीची सुरुवात कुठून होते ते पाहावं. मग उत्पत्ती १८. अब्राहाम सदोमासाठी देवापुढे सहा वेळा रदबदली करतो: पन्नास, पंचेचाळीस, चाळीस, तीस, वीस, दहा. काकांना विचारलं, या वहीतल्या किती माणसांसाठी तुम्ही प्रार्थना केलीत? ते बराच वेळ पानं उलटत राहिले, बोलले नाहीत.

“मग पाप दिसलं तरी बोलायचंच नाही का?” हा त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता. प्रेषित पौलाने १ करिंथ ५ मध्ये त्याचं उत्तर दिलं आहे. बाहेरच्यांचा न्याय करणं हे त्याचं काम नाही. तो मंडळीच्या आतल्यांबद्दल कठोर आहे. आपण नेमकं उलटं करतो. बाहेरच्या अनोळखी मुलीच्या रीलवर कडक बोलतो आणि मंडळीच्या हिशेबात गोंधळ झाला की “आपलीच माणसं आहेत” म्हणून पांघरूण घालतो. आतल्या माणसाशी बोलायची रीत मत्तय १८ मध्ये आहे: आधी एकट्याने, एकांतात, ऐकलं नाही तर दोघातिघांना घेऊन, मंडळीपुढे सर्वांत शेवटी. बहुतेक घरांत पहिली पायरी गाळून थेट तिसरी गाठली जाते.

मुलीशी बोलताना काकांनी आपला विश्वास सोडावा अशी कुणाची अपेक्षा नव्हती, समुपदेशनाचं ते काम नाही. वाक्यं मात्र लिहून घेतली: “मला हे पटत नाही, तुला ठाऊक आहे. पण तू माझी लेक आहेस. रविवारी जेवायला ये.” पहिला फोन दहा मिनिटांचा, त्यात तो विषयच काढायचा नाही. व्हॉट्सअॅपवर वचन पाठवायचं नाही, कारण त्या घटकेला ते वचन दगडासारखं लागतं. पहिला फोन बरा झाला. दुसऱ्या फोनवर काका बोलून गेले, “तुझी आई रोज रडते.” मुलीने फोन ठेवला आणि तीन आठवडे उचलला नाही. मग चार ओळींचा निरोप पाठवला, “मी आईच्या नावावर माझा राग काढला. माझं चुकलं.” त्यात एकही ‘पण’ नव्हता. दिलगिरीत ‘पण’ आला की ती दिलगिरी राहत नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं.

पुतण्याच्या बाबतीत मंडळींत वारंवार होणारी एक घोडचूक सांगायलाच हवी, कारण तिने जीव जातो. प्रार्थनासभेत डोक्यावर हात ठेवून “आजपासून दारू बंद” अशी शपथ घ्यायला लावतात आणि खोलीला कडी घालतात. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली तर सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम होऊन माणूस भलतंच पाहू-बोलू लागतो. याला सैतानाची बाधा समजून आणखी तास-दोन तास प्रार्थना करत बसतात, आणि हवं असतं ते रुग्णालय. म्हणून क्रम असा: आधी डॉक्टर, त्यांच्या देखरेखीखाली दारू सोडवणं, त्यासोबत बी-१, म्हणजे थायमिन, मग व्यसनमुक्ती केंद्र किंवा अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा. प्रार्थना यातल्या प्रत्येक पायरीवर करावी, पण डॉक्टरला वगळून नाही.

बोलायची वेळही महत्त्वाची. काका आधी रात्री दहाला जाऊन पुतण्याला झापायचे. प्यायलेल्या माणसाला सकाळी त्यातलं फारसं आठवत नाही, झापणाऱ्याच्या मनात मात्र ‘मी माझं कर्तव्य केलं’ एवढं उरतं. आता सकाळी आठ ही वेळ ठरली. एकट्याने जायचं आणि डोळ्यांनी पाहिलेलंच सांगायचं: “मंगळवारी तू पोराच्या फीचे पैसे मोडलेस.” “तू कुळाचं नाव घालवलंस” असं काही नाही.

टपरीसाठी काकांना तरुण संघाची तीस मुलं घेऊन मोर्चा काढायचा होता. तो थांबवला. ख्रिस्ती मुलांचा घोळका एका गरीब टपरीवाल्याच्या अंगावर गेला, तर गावात गुटख्याची गोष्ट बाजूला पडून धर्माची सुरू होते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. शाळेपासून शंभर यार्डांच्या, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत कोणतीच तंबाखू विकता येत नाही, आणि अठरा वर्षांखालच्या मुलाला तर कुठेच नाही. काकांनी टेप लावून अंतर मोजलं, ५४ मीटर भरलं. मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या सहीने एक पत्र पोलीस ठाण्यात आणि एक अन्न व औषध प्रशासनाकडे गेलं. टपरी पुढच्या चौकात हलली. गावातला गुटखा संपला नाही, शाळेच्या दारातला संपला.

हे फार थोडं आहे असं काकांना वाटायचं. त्यांना पंडिता रमाबाईंबद्दल फार आदर, म्हणून त्यांचंच उदाहरण घेतलं. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात त्यांनी मुलींची जी दशा पाहिली, तिच्यापुढे आजच्या कुठल्याही बातमीचं वजन कमीच भरेल. त्या मुलींना घेऊन आल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावला विहिरी खणल्या, शेती केली, शाळा काढली, मुलींना छपाईपर्यंतची कामं शिकवली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन वेगळं उभं केलं. समाजावर टीका त्यांनीही केली आणि ती धारदार होती, पण टीका करणाऱ्या त्या बाईंच्या घरात त्याच समाजाच्या लेकी जेवत होत्या.

सहा महिन्यांत नऊ भेटी झाल्या. प्रश्नावलीचे गुण पाचवर आले. मुलगी महिन्यातून एकदा जेवायला येते, तिने लग्न केलेलं नाही, काकांचं मतही बदललेलं नाही. पुतण्या एक्केचाळीस दिवस कोरडा राहिला आणि मग पुन्हा प्यायला.

शेवटच्या भेटीत काकांनी वही दाखवली. रेघा तशाच पट्टीने आखलेल्या, पण मधला रकाना आता ‘नाव’ असा आणि उजवीकडचा ‘गेलो का’ असा. पुतण्या प्यायला त्या दिवसाच्या तारखेपुढे त्याचं नाव, आणि लाल पेनाने: “सकाळी ८ ला गेलो. दार त्यानेच उघडलं. चहा घेतला. उद्या डॉक्टरकडे दोघं.”