नागपूर न सोडता पर्यावरण कायदा शिकायचाय. एलएलएम करू की एमएस्सी?

तुमचं बीएस्सी झालंय, म्हणजे थेट एलएलएम होणार नाही. आधी सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएलबी. कोर्टात उभं राहायचं तर वकिलीची सनद लागते, ती एमएस्सीने मिळत नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, “कायद्याकडे गेलो तर आकडेमोड तरी सुटेल ना?” त्या ओळीसाठी मी हे लिहायला घेतलं. नाही सुटणार. ‘आकडे तज्ज्ञ बघतील, आपण कलमं बघू’ म्हणणारे वकील आपल्या बाररूममध्ये भरपूर आहेत, आणि त्यांच्याशी माझं कधीच पटलेलं नाही.

नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक वीज केंद्राचं घ्या. ६६० मेगावॅटच्या दोन नव्या वीजनिर्मिती संचांच्या पर्यावरण मंजुरीसाठी मे २०२३ मध्ये जनसुनावणी झाली. कुठल्याही अशा सुनावणीत ‘आधीच राख खातोय, प्रकल्प नको’ म्हटलं की इतिवृत्तात एक ओळ पडते आणि समोर ‘सर्व निकष पाळले जातील’ असं छापील उत्तर येतं. टिकणारा आक्षेप प्रकल्पाच्या पर्यावरण परिणाम अहवालाच्या परिशिष्टात सापडतो. सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते. तेवढ्या दिवसांत मराठी सारांश वाचत बसू नका, हवेच्या नोंदींचा तक्ता काढा.

या नोंदी पावसाळा सोडून एका हंगामाच्या असतात. साधारण १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा, म्हणजे प्रत्येक केंद्राच्या २४ ओळी. त्या मोजा. मग सरासरी कशाशी ताडलीय ते बघा. पीएम १० (हवेतली बारीक धूळ) ची मर्यादा २४ तासांसाठी १०० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आणि वार्षिक ६०. हंगामाची सरासरी ८५ आली की ती १०० शेजारी मांडून ‘मर्यादेत’ लिहून मोकळे होतात. २४ तासांची मर्यादा एकेका दिवसाच्या नोंदीला लागते, सरासरीला नाही. वार्षिक सरासरीला वर्षात किमान १०४ नोंदी हव्यात, त्या एका हंगामात होत नाहीत. हंगामही तपासा: मार्च ते मे घेतला तर तापलेली हवा वर चढून धूर पसरतो आणि सल्फर डायऑक्साइड हिवाळ्यापेक्षा कमी दिसतो. धुळीचं मात्र उलट होऊ शकतं, तेव्हा सरसकट आरोप करू नका.

सगळ्यात कामाची गोष्ट कुणी बघतच नाही. नोंदी घेतल्या त्या दिवशी शेजारचे जुने संच किती भारावर चालू होते? एखादा संच दुरुस्तीसाठी बंद असेल तर पायाभूत आकडाच कमी येतो, आणि नव्या संचाची भर त्या कमी आकड्यात मिळवली जाते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे रोजचे वीजनिर्मिती अहवाल उघड असतात. तारखा जुळवा, दोन रकाने शेजारी ठेवा, लेखी आक्षेप द्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून पोच घ्या. तोंडी बोललात तर शेवटी वाचून दाखवलेल्या इतिवृत्तात तुमचा मुद्दा आलाय का, ते ऐकल्याशिवाय उठू नका.

प्रकल्पाला मंजुरी मिळाल्यावर राष्ट्रीय हरित लवादात (पर्यावरणाच्या खटल्यांचं न्यायाधिकरण) अपिलाला ३० दिवस, सबळ कारण दाखवलं तर आणखी ६०. त्यापुढचा उशीर माफ करण्याचा अधिकार लवादालाही नाही. माहिती अधिकाराच्या उत्तराची वाट बघण्यात हे दिवस जातात. परीक्षेच्या छापील गाईडवरही विसंबू नका, कायदा बदलत राहतो. पर्यावरण संरक्षण कायद्याच्या कलम १५ मधली पाच वर्षांची कैद एप्रिल २०२४ पासून गेली, आता १० हजार ते १५ लाख दंड आहे. काम सुरू झाल्यावर मागाहून मंजुरी देण्यावर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बंदी घातली आणि नोव्हेंबरात २ विरुद्ध १ मतांनी तो निकाल मागे घेतला.

हां, वन आणि वनहक्काकडे जायचं असेल तर हवेचे तक्ते फारसे लागणार नाहीत. तिथे सातबारा आणि जुने महसुली नकाशे लागतात. विदर्भातल्या झुडपी जंगलाच्या (महसुली नोंदीत झुडपी म्हणून लागलेल्या जमिनी) सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या निकालानंतर तर जमीन १२ डिसेंबर १९९६ च्या आधी दिली की नंतर, यावर बरंच काही ठरतं.

एमएस्सीला प्रवेश घेऊन बसला असाल तर ती पूर्ण करा, मग एलएलबी. एलएलएमची घाई नको.