समुद्राच्या नोंदी: तिघंच उरलोय, पुढे काय करू?

प्रश्न : किनाऱ्यावर आम्ही दहा-बारा जणांनी मिळून नोंदी ठेवायला सुरुवात केली, वाहून आलेले पक्षी, कासवं, पाण्याचा रंग असं सगळं. पहिले दोन महिने जोरात गेले, आता तिघंच उरलोय. बहुतेक वेळा काही सापडतच नाही मग लिहायचं काय, आणि शास्त्रज्ञ आमच्या वहीला विचारणार तरी का?

उत्तर : विचारतात, आणि काही सापडलं नाही तर तेच लिहायचं! तारीख, वेळ, किती चाललात आणि पुढे 'शून्य'. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर 'कोस्ट' नावाच्या उपक्रमात १९९९ पासून साधी माणसं आपापला ठरलेला पट्टा दर महिन्याला चालतात, मेलेले समुद्रपक्षी मोजतात, एकही नसला तरी तशी नोंद करतात. २०१५-१६ मध्ये समुद्र तापला आणि कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत 'मर' (murre) जातीचे सुमारे ६२,००० पक्षी मेलेले किंवा मरायला टेकलेले किनाऱ्याला लागले. हे नेहमीचं नाही, काहीतरी भयंकर घडतंय हे ठामपणे सांगता आलं कारण नेहमी किती पक्षी सापडतात याच्या नोंदी वर्षानुवर्षांच्या हाताशी होत्या. तुमच्या वहीतली ती कंटाळवाणी शून्यं म्हणून मला फार मोलाची वाटतात.

फक्त पट्टा तोच, पद्धत तीच, हे सोडू नका, माणसं बदलली तरी चालतील.

पाण्याचा रंग नुसता 'गढूळ' लिहू नका, एकाचं गढूळ दुसऱ्याला स्वच्छ वाटतं. त्यापेक्षा सेकी डिस्क बनवा, ३० सेंटीमीटरची पांढरी तबकडी, खाली वजन, वर खुणा केलेली दोरी. दुपारच्या आसपास होडीतून सरळ खाली सोडायची आणि दिसेनाशी झाली की दोरीवरची खूण बघून खोली लिहायची. १८६५ पासूनची युक्ती आहे ही, आजही चालते.

आता माणसं का गळाली? बहुधा नोंदी घेतल्या जातात आणि परत काहीच कळत नाही म्हणून. होड्या लागतात तिथे दर महिन्याचे आकडे मोठ्या अक्षरात लावा, आणि मच्छीमारांना विचारा की तुम्हाला काय मोजलेलं हवंय, जेलीफिश कधी वाढतात की जाळ्यात प्लास्टिक किती येतं. ते सांगतील तो एक रकाना वहीत लगेच वाढवा आणि भरायला त्यांच्याच हातात द्या.