बो शॉकला 'धनुष्याघात' म्हणावं का?

प्रश्न असा की म्हाताऱ्या पल्सरच्या (मोठा तारा फुटल्यावर उरलेला, गिरक्या घेणारा छोटा दाट गोळा) 'विंड'मुळे जे चमकणारे वायूचे ढग दिसतात त्यांना मराठीत काय म्हणायचं, आणि त्यातल्या 'बो शॉक'ला 'धनुष्याघात' चालेल का.

दुसऱ्याचं आधी सांगतो, नाही चालणार. हा बो म्हणजे धनुष्य नव्हे, जहाजाचं पुढचं टोक. आपल्या किनाऱ्यावर त्याला नाळ म्हणतात, मागचा तो वरामा. हर्णै बंदरात होडी जोरात येताना नाळेपुढे पाणी फुगतं आणि दोन्ही बाजूंनी फाकत मागे जातं ना, तेच हे. पल्सर जन्मतानाच सुपरनोव्हाच्या, म्हणजे ताऱ्याच्या त्या स्फोटात धक्का खाऊन निघतो, सेकंदाला शेकडो किलोमीटर वगैरे, मग हजारो वर्षांनी त्या स्फोटाचा ढग मागे टाकून ताऱ्यांमधल्या विरळ वायूत घुसतो आणि पुढचा वायू दाबत सुटतो. म्हणून मी 'नाळलाट' म्हणेन. 'नाळधक्का' शास्त्राला जास्त धरून होईल, पण धक्का म्हटलं की इकडे आधी बोट कुठे लागली तेच विचारतील.

विंडला वारा बिनधास्त म्हणा. खारा नाही, मतलई नाही, हवाच नाही त्यात, जवळपास प्रकाशाच्या वेगाने सुटलेले इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन आणि चुंबकीय क्षेत्र. पण सौरवारा चालतो तर पल्सरवारा का नको?

आता नेब्युला, म्हणजे तो चमकणारा ढग. अभ्रिका आणि तेजोमेघ दोन्ही रूढ आहेत, मला इथे तेजोमेघ आवडतो, फक्त तेज कोणाचं ते बघा. १०५४ साली दिसलेल्या स्फोटातून झालेला क्रॅब नेब्युला घ्या, त्यातला पल्सर तरुण, सेकंदाला सुमारे ३० गिरक्या घेतो, आणि तिथे वाऱ्यातले कणच चुंबकीय क्षेत्रात फिरताना चमकतात, तो खरा पल्सरवाऱ्याचा तेजोमेघ. तुम्ही विचारताय त्या म्हाताऱ्यांकडे बऱ्याचदा दिसतो तो वाटेतला हायड्रोजन, नाळलाटेत सापडून ६५६.३ नॅनोमीटरच्या लाल रंगात उजळलेला. वृषपर्वा तारकासमूहातला गिटार नेब्युला तसाच, अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेच्या ५ मीटर दुर्बिणीतून सापडला, शोध १९९३ साली छापून आला. पुढे बारीक मान, मागे फुगीर पोट, कारण वाटेतला वायू सगळीकडे सारखा दाट नाही. त्याला 'नाळलाटेचा तेजोमेघ' म्हणा.

पल्सरला 'स्पंदक' शब्द आहे, पण तो बिचारा धडधडत नाही, नुसता फिरतो. मी पल्सरच लिहितो, बाईकवाल्यांनी गैरसमज करून घेतला तरी.