नातवंडांना म्युझियममध्ये न्यावं का?

प्रश्न: ताई, मे महिन्यात मुलाकडे बोस्टनला जातेय. तो म्हणतो, ‘ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज’ला जाऊ. नातवंडं ६ आणि ९ वर्षांची, म्युझियम म्हटलं की तोंडं वाकडी! न्यावं का?
– एक आजी, सांगली

उत्तर: खुशाल न्या. काचेची कपाटं नाहीत हो तिथे. १८३०च्या सुमाराचं न्यू इंग्लंडमधलं, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातलं खेडंच उभं केलंय, १९४६ पासून लोकांसाठी खुलं आहे. जुन्या वेशातली माणसं खरोखर कामं करतात. कोल्हापूरजवळच्या कणेरी मठावर गावगाड्याचे सिमेंटचे पुतळे पाहिले असतीलच. स्टरब्रिजचा लोहार मात्र जिवंत, ऐरणीवर घाव घालता घालता पोरांशी बोलतो.

मी भाच्याला नेलं तेव्हा तिकिटाचे पैसे वसूल करायचे म्हणून सगळं दाखवायला निघाले. दुपारी पठ्ठ्याने रस्त्यातच बसकण मारली. चूक माझीच. तुम्ही लोहार, कुंभार आणि पाण्यावर चालणारी सॉ-मिल एवढंच ठरवा. वाटेत मेंढ्या दिसल्या की अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

चालणं भरपूर आहे, चपला नकोत, बूट घाला. आणि तिथल्या चुलीपाशी पोहोचलात की सांगलीच्या चुलीचं तुम्हीच सांगा. सुनेलाही ऐकू दे!