करबुडेचा बोगदा संपेपर्यंत

प्रिय पोरी,

रत्नागिरीला गाडी सुटता सुटता तुला भीतीचा झटका (पॅनिक अटॅक) आला, तू बॅग घेऊन खाली उतरलीस आणि एसटीने मुंबई गाठलीस. घरचे म्हणतात, पोचली ना, झालं तर! नाही झालं. उतरल्यावर जे हायसं वाटलं, त्यानेच मनाला शिकवलं, ‘उतरले म्हणून वाचले.’ पुढच्या खेपेला भीती स्टेशनच्या रिक्षातच गाठेल. म्हणून सांगतो, उतरायचं नाही.

ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं ठीक आलंय. आता पुन्हा तपासण्या नकोत. घाबरून भराभर श्वास घेतलास की रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. ‘हा हार्ट अटॅकच’ असा अर्थ तू लावतेस आणि धडधड आणखी वाढते. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये हेच चक्र मांडलं. आपल्याला तो अर्थ खोडायचाय, धडधड थांबवायची नाही.

त्यासाठी घरी रोज एक मिनिट मुद्दाम भराभर श्वास घे, मग एक मिनिट जागच्या जागी धाव. (दमा, फिट, हृदयविकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच, तुला त्यातलं काही नाही.) आधी वहीत लिही: ‘चक्कर येऊन पडेन, खात्री ८० टक्के.’ नंतर लिही, खरंच काय झालं. माझ्याकडे उपचाराला येणारी बहुतेक मुलं मुंग्या सुरू होताच विसाव्या सेकंदाला थांबतात. तेही उतरणंच!

‘दीर्घ श्वास का शिकवत नाही?’ असं आई विचारते. अनेकांना मीच तो शिकवला आणि त्यांनी त्याचाच टेकू केला, याची मला खंत आहे. दाराजवळची सीट, पाण्याची बाटली, आईला फोन, मुठीतला अंगारा, सगळे टेकूच. देवाला गाऱ्हाणं घरून घालून निघ. गाडीत मूठ उघडी ठेव.

पॅसेंजरने आधी नुसतं भोक्यापर्यंत, म्हणजे पुढच्याच स्टेशनापर्यंत जा. तिथवर दोन-तीनदा जमलं की त्यापुढचं स्टेशन, उक्षी. मध्ये करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आहे. झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत शिगेला पोचतो आणि आपला आपण ओसरतो. ओसरेपर्यंत बसून राहा. एकदा जमलं म्हणून सोडू नकोस, आठवड्यातून तीनदा तरी जा.

जगणंच नकोसं वाटलं, तर मात्र वाट न बघता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर. तो टेकू नव्हे.

उक्षीला उतर. बाकावर बसून वही उघड, ८०च्या शेजारी नवा आकडा लिही, आणि परतीच्या गाडीत बस.