लिलावाची वाट बघू नका, आधी पत्र टाका

ताई, तुमचा मेल वाचला. तुमची संस्था अमेरिकेत बेघर लोकांसाठी रात्रीचा निवारा चालवते, जवळचं एक फेडरल ऑफिस बरेच दिवस बंद आहे, ते आता एचयूडीच्या (अमेरिकेच्या घरबांधणी खात्याच्या) यादीत 'सुटेबल', म्हणजे बेघरांच्या कामाला योग्य, म्हणून आलंय आणि बोर्डावरचे एक काका म्हणतायत, घाई कशाला, लिलावात स्वस्तात घेऊ. काकांना राग आला तरी चालेल पण त्यांचं ऐकू नका, कारण लिलावाच्या आधी तुमचा नंबर लागतो आणि तोही बिनपैशाचा.

१९८७ च्या मॅकिनी कायद्यातलं टायटल फाइव्ह, म्हणजे पाचवा भाग, यासाठीच आहे. केंद्राला नको झालेली जागा बेघरांच्या कामासाठी राज्य, लोकल गव्हर्नमेंट किंवा तुमच्यासारखी ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली सेवाभावी संस्था मागू शकते, आणि बाकी सार्वजनिक कामांच्या आधी या कामाचा विचार होतो. मालकी मात्र फेडरलच हवी, सिटीची पडीक शाळा यात बसत नाही.

आता तारीख बघा. यादीत आल्यापासून फक्त ३० दिवस (आधी ६० होते, २०१६ ला निम्मे केले), तेवढ्यात एचएचएसला (केंद्राच्या आरोग्य खात्याला) इंटरेस्ट असल्याचं पत्र जायला हवं. साधंच पत्र असतं हो, संस्था कोण, जागा कुठली, तिथे काय करणार, एवढंच. ते गेलं की पुढे अर्जाला ७५ दिवस मिळतात.

अर्ज पास झाला की ४५ दिवसांत पैशांचा प्लॅन मागतात आणि खरी गोम इथे आहे. जागा फुकट पण आहे तशी मिळते, छत गळत असेल तर ती बादली तुमची, जुन्या टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस (फुफ्फुसांना घातक तंतू) निघालं तर तेही तुमच्याच गळ्यात, शिवाय हीटिंग, विमा, रात्रपाळीचा माणूस. 'सुटेबल' म्हणजे उद्या खाटा टाकता येतील असं नाही! म्हणून पत्र आज टाका आणि अर्ज भरण्याआधी एखादा कॉन्ट्रॅक्टर घेऊन बेसमेंटपासून गच्चीपर्यंत फिरून या, खर्चाचा अंदाज लेखी घ्या, देणगीदारांकडूनही लेखीच घ्या, फोनवरच्या हो ला कोणी विचारत नाही.

काकांना अजून एक सांगा, जागा डीडने, म्हणजे मालकीच्या कागदाने, मिळाली तरी मनात आलं म्हणून विकता येत नाही, बेघरांचं काम थांबलं तर सरकार परत घेऊ शकतं.

पत्राची पोच मात्र जपून ठेवा, तारखेचा वाद तिच्यावरच मिटतो.